जुनी मोटारसायकल घेताना : आधी पोराचं अंग बघा, मग गाडीचं इंजिन

बारावी झाली, आयटीआय झाला किंवा कुठे पार्सल पोचवायचं काम लागलं, की घरात पहिली मागणी गाडीची येते. नवी मोटारसायकल आज लाखाच्या घरात जाते. त्यामुळे आपल्या वस्तीत पोराच्या हातात येणारी पहिली गाडी बहुधा जुनीच असते. आठवडाभर ती कामावर जाते आणि सुट्टी आली की लांब निघते. मित्रांबरोबर अजिंठा-वेरूळला, १ जानेवारीला कोरेगाव भीमाला, २० मार्चला महाडला. पोरांनी फिरावं, लेणी बघावीत, रस्ते ओळखावेत, यात काही वावगं नाही. पण कामावर जायला चालणारी गाडी आणि दीडशे किलोमीटरच्या प्रवासाला चालणारी गाडी यांत फरक असतो. तो फरक गाडी घेतानाच बघावा लागतो.

आरोग्याच्या पानावर गाडी कशाला, असं कुणी विचारेल. जागतिक आरोग्य संघटना सांगते की ५ ते २९ या वयात जगभरात मृत्यूचं सर्वांत मोठं कारण रस्त्यावरची दुखापत हे आहे. आपल्या देशात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यातले ५०,०२९ जण दुचाकीवर होते आणि त्यांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. डेंग्यू-मलेरियासाठी आपण पाण्याची पिंपं झाकतो, मग या दुखण्यासाठीही काहीतरी केलं पाहिजे. शिवाय जो वाचतो त्याचा मोडलेला पाय नुसता पाय नसतो. सहा महिन्यांचा पगार, बहिणीची फी, आईचं डबल ड्युटीचं काम, हे सगळं त्या पायाबरोबर मोडतं.

म्हणून गाडी बघायला जाताना तीन प्रश्न मनात पक्के ठेवा. गाडी पोराच्या अंगाला बसते का? ती वेळेवर थांबते का? ती त्याच्या नावावर होते का? रंग, आवाज, सीसी आणि ॲव्हरेज हे सगळं त्यानंतर.

त्याआधी वय आणि लायसन्स

गिअरची मोटारसायकल चालवायला १८ वर्षं पूर्ण लागतात. सोळाव्या वर्षी मिळणारं लायसन्स फक्त ५० सीसीपर्यंतच्या, बिनगिअरच्या गाडीचं असतं. ‘दोन वर्षांचा तर प्रश्न आहे, चालवू दे’ असं म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांनी २०१९ सालची कायद्यातली दुरुस्ती लक्षात ठेवावी. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत लायसन्स मिळत नाही.

१८ पूर्ण झालेल्या मुलाचं किंवा मुलीचं लायसन्स कोणत्या प्रकारचं आहे तेही वाचून बघा. पुष्कळ जण स्कुटीवर परीक्षा देतात. त्यांच्या कार्डावर बिनगिअरची दुचाकी एवढंच असतं. अशा लायसन्सवर मोटारसायकल चालवली आणि अपघात झाला, तर विम्याचं भांडण तिथूनच सुरू होतं. लर्निंग लायसन्सवर असताना शिकवणाऱ्याशिवाय दुसऱ्या कुणालाही मागे बसवता येत नाही. म्हणजे लर्निंगवर मित्राला घेऊन सहल, हा विषयच नाही.

पहिला प्रश्न : गाडी अंगाला बसते का?

चप्पल घेताना आपण माप बघतो. गाडी घेताना मात्र चुलतभावाकडे कोणती आहे ते बघतो. अठरा-एकोणीसच्या पोराचं अंग अजून भरायचं असतं. त्याच्या वजनाच्या तिप्पट-चौपट वजनाची गाडी चालू रस्त्यावर जड वाटत नाही. ती जड वाटते सिग्नलला, खड्ड्यात, चढावर मागे सरकताना आणि मागे माणूस बसल्यावर. नवशिक्याच्या हातून गाडी पडते ती बहुतेक वेळा अशाच कमी वेगात. घोटा आणि मनगट तिथेच जातं.

वजनाचा अंदाज यावा म्हणून सांगतो. हिरो स्प्लेंडर साधारण ११२ किलोची आहे. होंडा शाईन १२५ त्याच आसपास येते. अलीकडची बजाज पल्सर १५० साधारण १४८ किलोची, तर रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० जवळपास १९५ किलोची. मागे साठ किलोचा मित्र आणि दहा किलोची बॅग आली की हे आकडे आणखी वाढतात.

गाडी चालू न करताच या चार गोष्टी पोराला करायला सांगा :

१. सीटवर बसून दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकले पाहिजेत आणि एक पाय तरी पूर्ण टेकला पाहिजे. उंची कमी असेल, विशेषतः मुलगी चालवणार असेल, तर ही गोष्ट सोडून देऊ नका.

२. गाडी मेन स्टँडवर एकट्याने लावता आणि उतरवता आली पाहिजे.

३. थोड्या उतारावर उतरून हँडल धरून गाडी मागे-पुढे ढकलता आली पाहिजे.

४. हँडल पूर्ण डावीकडे-उजवीकडे वळवूनही क्लच आणि ब्रेकपर्यंत बोटं आरामात पोचली पाहिजेत. पाठ ताणून पुढे वाकावं लागलं, तर तासाभराने कंबर आणि मान दुखणार हे नक्की.

यातलं एक जरी जमलं नाही तरी ती गाडी त्याच्यासाठी नाही. दोन वर्षांनी असेल, आज नाही.

लांबच्या रस्त्यासाठी १०० ते १५० सीसीची, सरळ बसून चालवायची गाडी पहिल्या दोन वर्षांना पुरेशी आहे. आपल्या राज्यमार्गांवर ५०-६० च्या वेगाने ती दिवसभर चालते, पेट्रोल कमी पिते आणि तिचे पार्ट तालुक्याच्या प्रत्येक गॅरेजात मिळतात. पुढे झुकून चालवायच्या रेसिंग पद्धतीच्या गाड्या आणि दोनशे सीसीच्या चपळ गाड्या वाईट नाहीत. पण त्यांचा थ्रॉटल जरा पिळला की वेग कळायच्या आत वाढतो. नवशिक्याचा हात अजून तेवढा शांत नसतो.

दुसरा प्रश्न : गाडी थांबते का?

जुन्या गाडीजवळ गेलं की पोरं किक मारतात आणि कान लावून इंजिन ऐकतात. इंजिन खराब असेल तर गाडी बंद पडते, ढकलत घरी आणता येते. ब्रेक खराब असेल तर गाडी चालूच राहते. म्हणून तपासणी ब्रेकपासून सुरू करा.

थांबायला किती जागा लागते ते आधी समजून घ्या. समोर काही दिसल्यापासून हात-पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो. तेवढ्यात गाडी पुढे धावतच असते. मग ब्रेक लागतो. कोरड्या डांबरी रस्त्यावर ब्रेक चांगले असले तरी ४० च्या वेगाला एकूण २३ मीटरच्या आसपास लागतात, ६० ला सुमारे ४५ आणि ८० ला सुमारे ७० मीटर. एसटीची लांबी ११ मीटर धरली, तर ४० ला दोन एसट्या, ६० ला चार आणि ८० ला सहाहून जास्त. वेग दुप्पट झाला की जागा तिप्पट लागते. धडकेचं गणितही असंच आहे. ४० वरून ६० वर गेलं की वेग दीडपट होतो, पण धडकेचा जोर सव्वादोनपट होतो.

आता ब्रेकच्या प्रकाराबद्दल. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या सर्व नव्या दुचाकींना सीबीएस आणि त्यावरच्यांना एबीएस सक्तीचं झालं. सीबीएसमध्ये मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा आपोआप लागतो. एबीएसमध्ये जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होत नाही, त्यामुळे गाडी घसरत नाही आणि हँडल हातात राहतं. घाबरलेलं पोर ब्रेक दाबताना कधीच बेताने दाबत नाही, सगळा जीव लावून दाबतं. म्हणून त्याच्यासाठी ही सोय फार मोलाची आहे. सारख्याच किमतीत २०१७ सालची चकचकीत गाडी आणि २०१९ च्या एप्रिलनंतरची थोडी खरचटलेली गाडी समोर असेल, तर खरचटलेली घ्या. पैसे कमी असतील आणि जुनीच गाडी परवडत असेल, तर पुढे डिस्क असलेली बघा. ड्रम ब्रेकवालीच मिळाली, तर तिचे ब्रेक लायनर नवे टाकून घ्या आणि पोराचा वेग तेवढ्यावर ठेवा.

तपासायला जाताना आपला ओळखीचा मिस्त्री घेऊन जा. विकणाऱ्याचा मिस्त्री नको. दोनशे-तीनशे रुपये आणि चहा, एवढ्यात काम होतं. त्याच्याकडून हे बघून घ्या :

ब्रेक – पुढचा आणि मागचा वेगवेगळा लावून बघा. मोकळ्या जागेत २०-३० च्या वेगाला पुढचा ब्रेक दाबला की गाडी सरळ थांबली पाहिजे, एका बाजूला ओढता कामा नये. डिस्कवर बोट फिरवल्यावर खोल चरे लागले तर डिस्क आणि पॅड दोन्हींचा खर्च धरा. डिस्क गार असतानाच हात लावा. थांबण्याच्या ताकदीतला मोठा वाटा पुढच्या ब्रेकचा असतो. ‘पुढचा लावला की पलटी होते’ हे ऐकून पोरं तो वापरतच नाहीत. दोन्ही ब्रेक एकत्र, हळूहळू दाब वाढवत लावायची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

टायर – टायरच्या बाजूला एका चौकटीत चार आकडे असतात. २३१९ असेल तर तो २०१९ च्या २३ व्या आठवड्यात बनला. पाच-सहा वर्षांच्या टायरची नक्षी चांगली दिसली तरी रबर कडक झालेलं असतं आणि ओल्या रस्त्यावर ते पकड धरत नाही. बाजूला बारीक भेगा दिसल्या तर टायर बदलायचाच. नक्षीच्या खाचेत रबराचे छोटे उंचवटे असतात. टायर झिजून तिथपर्यंत आला असेल तर त्याचं आयुष्य संपलं.

चेसिस आणि पुढचे शॉकअप – गाडी मागून आणि पुढून बघा. दोन्ही चाकं एका रेषेत हवीत. हँडलखालच्या चेसिसवर ताजा रंग, वेल्डिंग किंवा सुरकुती दिसली तर गाडीने मोठी धडक खाल्लेली आहे. ती सोडून द्या, कितीही स्वस्त मिळो. शॉकअपच्या नळीवर तेलाचा ओघळ असेल तर सील गेलं आहे, ते बदलता येतं. पुढचं चाक उचलून हँडल फिरवल्यावर मध्येच अडखळलं तर कोनसेट गेला आहे. तोही बदलता येतो.

चेन आणि चाकाचे बेअरिंग – स्प्रॉकेटचे दात टोकदार होऊन एका बाजूला वाकले असतील तर पूर्ण चेनकिट लागेल. मेन स्टँडवर लावून मागचं चाक हाताने डावी-उजवीकडे हलवा. खडखडलं तर बेअरिंग गेलं.

लाइट, इंडिकेटर, हॉर्न, आरसे – एकेक लावून बघा. आरसे काढून टाकलेली गाडी घेतली तर आधी आरसे बसवा. सायलेन्सर बदलून फटाक्यासारखा आवाज करणारी गाडी घेऊच नका. तासन्‌तास तो आवाज कानाजवळ राहिला की ऐकू येणं कमी होतं. वस्तीतल्या लहान बाळांची आणि म्हाताऱ्यांची झोप जाते ती वेगळीच.

साडी गार्ड – पोरं ‘शो’ जातो म्हणून मागचं जाळीचं गार्ड काढून टाकतात. पण या गाडीवर उद्या आई बसणार आहे, बहीण बसणार आहे. पदर किंवा ओढणी चाकात गेली की माणूस खाली खेचला जातो, गळ्याला फास लागतो. गार्ड आणि मागच्या पायांचे फुटरेस्ट नसतील तर ते बसवल्याशिवाय मागे कुणाला बसवू नका.

हे सगळं पास झालं की मग इंजिन. जायच्या आधी ‘गाडी चालू करू नका’ असं विकणाऱ्याला सांगून ठेवा. पोचल्यावर इंजिनला हात लावून बघा. गरम असेल तर ते मुद्दाम तापवून ठेवलेलं आहे. थंड इंजिन दोन-तीन किकमध्ये किंवा सेल्फवर सुरू झालं पाहिजे. सायलेन्सरमधून निळसर धूर येत राहिला तर इंजिन ऑइल जळतं आहे. मग पिस्टन-रिंगचा मोठा खर्च आलाच. मीटरवरच्या किलोमीटरवर फार जाऊ नका, ते मागे फिरवता येतात. फुटरेस्टचं रबर, ब्रेकचं पेडल आणि हँडलच्या ग्रिप किती झिजल्या आहेत ते बघा.

तिसरा प्रश्न : गाडी नावावर होते का?

‘टीटी फॉर्मवर सही घेतली, आरसी बुक हातात आहे, आता नाव कशाला लावायचं?’ असं म्हणत वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या नावाची गाडी चालवणारी घरं आपल्यात खूप आहेत. पाच-सातशे रुपये आणि आरटीओचे दोन हेलपाटे वाचतात. पण अपघात झाला की काय जातं ते समजून घ्या.

थर्ड पार्टी विमा हा समोरच्यासाठी असतो. आपल्या गाडीने कुणाला लागलं तर त्याला भरपाई मिळते. आपला पोरगा एकटाच घसरून पडला, तर या विम्यातून त्याला काही मिळत नाही. त्याच्यासाठी वेगळा वैयक्तिक अपघात विमा असतो, १५ लाख रुपयांचा. तो मालक-चालकाचा विमा आहे. म्हणजे आरसीवर ज्याचं नाव आहे आणि ज्याच्याकडे त्या गाडीचं लायसन्स आहे, तो स्वतः चालवत असेल तरच. गाडी जुन्या मालकाच्या नावावर राहिली तर हे संरक्षण तुमच्या पोराला नाही. वडिलांच्या नावावर गाडी आणि चालवणारा मुलगा, तरी ते मुलाला नाही. जो चालवणार त्याच्याच नावावर गाडी करा आणि विमा काढताना हा अपघात विमा मागून घ्या.

विकणाऱ्यालाही यात धोका आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केलं आहे की, गाडी विकली तरी नोंदणीत ज्याचं नाव आहे तोच मालक आणि भरपाईची जबाबदारी त्याचीच. त्यामुळे आपली जुनी गाडी कुणाला दिली असेल, तर तिचं नाव बदललं का ते आजच बघा.

पैसे देण्याआधी हे करा :

• गाडीचा नंबर एम-परिवहन ॲपवर टाका. नोंदणीची मुदत, विमा, फायनान्सचा बोजा हे तिथे दिसतं. नोंदणी १५ वर्षांची असते. मुदत संपत आलेली गाडी घेतली तर फेरनोंदणीचा खर्च तुमच्या माथी येतो.

• चेसिसवर कोरलेला नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी जुळवा. खरवडलेला, घासलेला नंबर दिसला तर तिथून निघा. चोरीची गाडी घेतली की पोलीस ठाण्याच्या पायऱ्या आपणच चढतो.

• ई-चलन बाकी आहे का बघा. बाकी असेल तर विकणाऱ्याकडून भरून घ्या.

• फायनान्सचा बोजा असेल तर बँकेचा किंवा कंपनीचा ना हरकत दाखला आणि फॉर्म ३५ हवा. हप्ते थकले म्हणून ओढून आणलेली गाडी स्वस्त मिळते, पण कागद पूर्ण मिळेपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका.

• फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घ्या. गाडी दुसऱ्या आरटीओच्या पासिंगची असेल तर तिथला फॉर्म २८ म्हणजे ना हरकत दाखला लागेल का ते विचारा. राज्याबाहेरची असेल तर तो लागतोच.

• गाडी ताब्यात घेतल्याची तारीख आणि वेळ लिहून दोघांनी सह्या करा.

• गाडी घेतल्यापासून १४ दिवसांत विमा कंपनीला कळवा आणि ३० दिवसांत आरटीओत नाव लावायचा अर्ज करा.

पैशांची वाटणी

घरात ५०,००० रुपये असतील तर ५०,००० ची गाडी बघू नका. चौथा हिस्सा बाजूला काढा आणि उरलेल्या पैशांत गाडी शोधा. समजा, गाडी ३८,००० ला घेतली. दोन टायर ३,५०० चे. ब्रेक, चेन आणि ऑइल ३,००० चं. नाव लावणं आणि विमा ३,५००. दोन हेल्मेट २,०००. एकूण ५०,००० होतात. भाव गावोगाव वेगळे असतील, पण वाटणी अशीच ठेवा. विम्याचा हप्ता आपण समजतो तेवढा मोठा नाही. २०२२ च्या जूनमध्ये ठरलेल्या दराने ७५ ते १५० सीसीच्या गाडीचा एका वर्षाचा थर्ड पार्टी हप्ता ७१४ रुपये अधिक कर असा आहे, तर १५० ते ३५० सीसीला १,३६६ रुपये अधिक कर. छोटी गाडी इथेही पैसे वाचवते.

अंगावर काय हवं

हेल्मेट दोन घ्या, एक चालवणाऱ्याला आणि एक मागच्याला. चांगलं हेल्मेट नीट बांधलं तर मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो. त्यावर आयएसआयची खूण हवी. रस्त्याकडेला मिळणारी पातळ टोपी फक्त दंड वाचवते, डोकं नाही. हेल्मेट घालून पट्टा बांधा आणि मान जोरात हलवा. हेल्मेट डोक्यावर फिरलं तर माप मोठं आहे. जुनी गाडी चालेल, पण जुनं हेल्मेट नको. आतलं थर्मोकोल एकदा आपटलं की चेपतं आणि बाहेरून ते दिसत नाही.

चप्पल घालून लांब जाऊ नका. घोटा झाकणारे बूट, जाड पँट, पूर्ण बाह्यांचं जाड जाकीट आणि हातमोजे असू द्या. पडताना माणूस आधी हात टेकतो, म्हणून तळहात सोलून निघतात. बॅग पाठीवर न घेता मागे कॅरिअरला घट्ट बांधा. पाठीवर आठ-दहा किलो घेऊन तीन तास बसलं की खांदे आणि कंबर धरते.

पहिल्या सहली

पहिल्या महिन्यात ३०-४० किलोमीटर, उजेडात, एकट्याने किंवा अनुभवी माणसाबरोबर. छत्रपती संभाजीनगरहून वेरूळ किंवा पुण्याहून कोरेगाव भीमा एवढं अंतर पुरे. अजिंठा शंभर किलोमीटर आहे, तिथे दोन-तीन महिन्यांनी जा. दसऱ्याला मुंबई किंवा पुण्याहून नागपूर गाठायचं तर रेल्वे किंवा बसच बरी. समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी आहे, मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेवरही आहे. उरतो तो ट्रकांनी भरलेला जुना रस्ता.

दर तासाला थांबा. उतरून चाला, पाणी प्या, बोटं उघड-मीट करा. हाताला मुंग्या येणं ही शरीराची सूचना आहे. या वयात आठ तास झोप लागतेच. रात्रभर जागून पहाटे निघालेलं पोर रस्त्यावर उघड्या डोळ्यांनी झोपतं. रात्री दोन ते सकाळी सहा आणि दुपारी जेवणानंतर, या वेळांत पेंग जास्त येते. त्या वेळी गाडी उभी करून वीस मिनिटं पडा.

६ डिसेंबर आणि १ जानेवारी हे दोन्ही दिवस उसाच्या हंगामात येतात. साखर कारखान्यांच्या भागात अंधारात मागे लाइट नसलेली ट्रॉली एकदम पुढ्यात येते. पहाटेचं धुकं असतं ते वेगळंच. म्हणून या दिवसांत सूर्य उगवल्यावर निघा आणि मावळायच्या आत घरी या. ताफ्यात जाताना शर्यत नको, एका गाडीवर तिघं नकोत. नवा चालवणारा पुढून दुसरा ठेवा, म्हणजे त्याला मागून धावत गाठावं लागत नाही.

आणि दारू. पाचवं शील आपण सगळेच घेतो. ते गाडीवर बसताना जितकं उपयोगी पडतं तितकं क्वचितच दुसरीकडे पडत असेल. ‘एकच बिअर’ घेतलेल्या माणसालाही ब्रेकवर जायला जास्त वेळ लागतो, आणि वरचं एसट्यांचं गणित बिघडतं.

तरीही अपघात झाला तर

१०८ किंवा ११२ लावा. जखमीला उचलून रिक्षात दुमडून घालू नका, मणक्याला इजा असेल तर ती वाढते. मान हलू देऊ नका. श्वास नीट चालू असेल तर हेल्मेट ओढून काढू नका. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरा. शुद्ध नसलेल्याला पाणी पाजू नका. २०२५ सालच्या केंद्राच्या योजनेत अपघातग्रस्ताला ठरावीक रुग्णालयांत अपघातापासून सात दिवस, दीड लाख रुपयांपर्यंत कॅशलेस उपचार मिळतात. दवाखान्यात ‘आधी पैसे भरा’ म्हटलं तर या योजनेचं नाव घ्या. वाटेत दुसऱ्या कुणाचा अपघात दिसला तर थांबा. मदत करणाऱ्याला पोलीस किंवा दवाखाना जबरदस्तीने अडकवू शकत नाही, कायद्याने त्याला संरक्षण आहे.

या रविवारी गाडी बघायला जाणार असाल तर पोराला बरोबर घ्या, मिस्त्रीला घ्या आणि जमलं तर त्याच्या आईलाही घ्या. मागे बसायला तिला ठीक वाटतं का, ते तीच सांगेल. विकणारा ‘दुसरं गिऱ्हाईक संध्याकाळी येतंय’ म्हणेल. येऊ द्या. जुन्या गाड्या बाजारात रोज येतात.